द्रवनत्र

करोना पाहायला माणसं आली आहेत
हे ऐकून अर्ध्या गावानं दारं लावली.
उरलेल्या अर्ध्यानं ग्रहणाची म्हणून.

उघडा होता तो गुरांचा दवाखाना
आणि आत मी, पट्टीबंधक,
कारण उकंडरावची गौळाऊ पहाटेपासून माजावर होती.

फुलझेले बाई आल्या तेव्हा त्यांचे ओठ कोरडे.
नत्राचं त्यांचं पात्र घाटातच उलटलं होतं.
कॅमेरा गार नसला, म्हणाल्या,
तर त्याला स्वतःचाच ताप दिसत राहतो.
सूर्याभोवती लोखंड आहे,
बारा इलेक्ट्रॉन हरवून बसलेलं,
डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडात बोलणारं,
आणि ते बोलणार दोन मिनिटं अकरा सेकंद.
"भाऊ, तुमच्याकडे द्रवनत्र असतं ना?"

असतं.
उणे एकशे शहाण्णव.
त्यात नऊ कांड्या होत्या
कारंज्याच्या त्या पांढऱ्या वळूच्या,
जो मागच्या पोळ्याआधीच गेला.
हे मी बाईंना सांगितलं नाही.
म्हटलं, "हळू ओता. थंडीनंही बोट भाजते."

शेवटी नरसाळं माझ्याच हातात आलं.

खळ्यावर उजेड पातळ झाला,
कल्हई उडालेल्या भांड्यासारखा.
गाई न हाकता गोठ्याकडे वळल्या.
टिटवी एकदाच ओरडली.
मग बाई: "आता!"
आणि होत्या तेवढ्या माना वर.

माझी खालीच.
नरसाळ्याच्या काठावर
पांढरा धूर चढत होता, उतरत होता.
धार तुटली असती तर कॅमेरा आंधळा.
माझ्या पाठीवर अंधार पडला
आणि उठला,
एवढंच मला ग्रहण.

नंतर त्यांनी पडद्यावर दाखवलं.
तव्यावर विसरलेली भाकर,
कडेनं राखाडी केस, न विंचरलेले.
रंग कुठे गेला, मी विचारलं.
"याला रंग नसतोच. आम्ही मागाहून देतो."
उकंडराव चष्मा पुसून पुसून पाहत राहिला.
"चांगलं हाय," म्हणाला. "पण माह्या गाईचं काय?"

रजिस्टरात रकाने ठरलेले आहेत.
मालक. जनावर. माजाची वेळ. कांडी क्रमांक.
नत्राची तूट साडेसहा लिटर.
जनावराच्या रकान्यात मी लिहिलं: सूर्य.
मालकाचा कोरा सोडला.

सोमवारी आर्वीचे साहेब तपासणीला येतात.
नऊ कांड्या मी लिंबाखाली पुरल्या.
बोटावरचा फोड अजून पांढराच आहे.