फानी मावशीचा डबा

गुदैबियातली तिसऱ्या मजल्यावरची खोली
महिनाअखेरीला सोडायची होती.
मावशी आधीच पोचली होती वसईला, कार्गोने,
वजन होऊन, पावती फाडून.
मी मागे राहिले
गॅसचं डिपॉझिट, दोन पडदे
आणि बिस्किटांच्या ह्या गोल डब्यासाठी.

हलवला की खळखळायचा.
गावात सगळ्यांना खात्री, फानीकडे सोनं असणार.
"बघ नीट," आई फोनवर म्हणाली, मग रडली,
मग परत म्हणाली, "नीट बघ."

मनामाच्या बाजारात, मागच्या गल्लीत,
हाजी मेहदी चांदीवाले.
मोडकी हिंदी, डोळ्याला भिंग.
त्यांनी काचेवर मखमल पसरली
आणि मी मावशीला तिच्यावर ओतलं.

ही नोट, म्हणाले, लालसर, नंबराआधी झेड,
छापलेली तुमच्या मुलखात, चालायची फक्त इकडे.
तिकडे नेली तर वाणी परत करायचा.
(ओळखते मी अशा बाईला.)

हे मोठं रुपेरी, भरल्या छातीची राणी,
साल सतराशे ऐंशी.
"कधीही पाडा, कुठेही पाडा, साल तेच.
ह्या बाईचं वय वाढत नाही."
मावशीचं मात्र एका दुपारीत दोन वर्षांनी वाढलं होतं,
नर्सेसची भरती निघाली तेव्हा,
एकोणिसाची एकवीस.
खरी तारीख अजून आहे निर्मळच्या बाप्तिस्म्याच्या वहीत,
तिथे कोणी विचारायला गेलं नाही.

नोट आणि राणी मी त्यांनाच विकली. वीजबिल भागलं.

तळाशी होत्या गॉझच्या पुरचुंड्या.
तेरा. पिवळी पडलेली चिकटपट्टी.
खजुराचं झाड असलेले पन्नास फिल्स,
नागमोडी कडेचा एक आणा, नवे पैसे,
आणि एक इतकं काळं की ओळख पटेना.
हाजींनी ते दाताखाली धरलं,
मग जिभेवर, चांदी लागते का बघायला.

तेवढ्यात पुरचुंडीच्या आतल्या चिठ्ठीवर
मला तिचं अक्षर दिसलं, पेन्सिलीने, मराठीत:
*युसुफ, बेकरीवाल्याचा. वय चार.
रविवारी गिळलं. मंगळवारी सकाळी पडलं.
देव पावला.*

मी हिंदीत सांगितलं. जरा सावकाशच.
हाजी थांबले. बाहेर जाऊन थुंकले.
आत आले, चहा मागवला, चूळ भरली,
आणि इतके हसले की भिंग मखमलीवर पडलं.
"बेकरीवाला युसुफ! त्याला आता नातवंडं आहेत.
परवाच मला शिळा पाव दिला त्याने."

मग आम्ही एकेक सोडत गेलो.
*लतीफा. बटण. आईला तीन वेळा फोन केला.*
*सायमन, आपल्या ड्रायव्हरचा. ट्रंकेची चावी.
ट्रंक दोन दिवस बंद.*
*नाव विसरले. फार रडला. मी पण.*

एकीत फक्त:
*अमीना. वय दोन. पंचवीस फिल्स.*
वार नव्हता.
गॉझ सात घड्या घालून.
ती हाजींनीच परत बांधली, मी न सांगता,
आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

ती सांगायची, सुट्टीवर आली की,
पोटातलं नाणं फिल्मवर चंद्रासारखं दिसतं.
आईबाप ओरडतात, काढा, काढा.
आपण केळं भरवायचं
आणि वाट बघायची.
मला वाटायचं, नर्सिंगमध्ये एवढंच असतं.

डबा वॉचमनला दिला, त्याला सुईदोरा ठेवायला हवा होता.
पुरचुंड्या हँडबॅगेत.
विमानतळावर पट्टा थांबला.
पडद्यावर माझ्या बॅगेच्या पोटात
अकरा चंद्र, एक बटण, एक चावी.
पांढरे नव्हेत, इथे निळे दिसतात.

"कुणाची?" पोरगेलासा अधिकारी.
पोरांची, म्हटलं. गिळली होती.

तो काही बोलला नाही.
पट्टा तेवढा मागे घेतला
आणि पुन्हा एकदा,
नीट बघितलं.