लेखी

फोन अकरा वीसला येतो.
मंगळवारी येतो, गुरुवारी येतो,
कधी लागोपाठ तीन दिवस.
ग्रिम्सबीच्या गार शेडमध्ये मी पट्ट्यासमोर उभी असते,
हातमोज्यांना माशाचा चुरा चिकटलेला,
आणि मॉरीन नुसती मान हलवते: जा.
पूर्वी कारण विचारायची. आता फक्त तास कापते.

पलीकडचा आवाज मऊ असतो.
"डेक्लनचा आज दिवस बरा नाहीये.
घेऊन जाता का? त्याच्याच भल्यासाठी."
काढलं, असं कधी म्हणत नाहीत.
जरा थंड होऊ दे, म्हणतात,
जसं काही उतू जाणारं दूध आहे तो
आणि मी शेगडीपाशी उभी राहायला मोकळी.

मी जायची.
वर आभारही मानायची. हे आठवलं की आजही कान तापतात.

तो बाकावर बसलेला असायचा,
मे महिन्यातही कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून,
डबा न उघडलेला.
आठ वर्षांचा आहे. घंटा झाली की कान दाबून टेबलाखाली जातो,
एकदा खुर्ची उलटली, एकदा कोणाचा तरी रंगाचा डबा.
बसमध्ये काही बोलायचा नाही,
फक्त गोदीवरच्या क्रेन मोजायचा.
एक दिवस मात्र म्हणाला,
"मी घरी जातो तेव्हा ते गोष्टीचा शेवट वाचतात."

शाळेच्या नोंदी मी मागून घेतल्या.
सकाळी: हजर.
दुपारी: शिक्षण इतरत्र सुरू.
इतरत्र म्हणजे माझा सोफा.

पगाराच्या चिठ्ठ्यांमागे मी तारखा लिहिल्या होत्या,
ऑक्टोबर ते मे. वेळ, आणि फोन कोणी केला.
एक्केचाळीस.
त्यांच्याकडे एकाही दिवसाचा कागद नाही.
त्यांच्या लेखी तो वर्गात नको होता
आणि लेखी असं कुठेच नव्हतं.

शेजारच्या बेरिल कॉथॉर्नने चिठ्ठ्या उलट्यासुलट्या केल्या.
तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले,
हेडमास्तरांच्या पोटात काय चालतं तिला ठाऊक.
"पावतीशिवाय मासळीचा खोका तरी उचलतेस का गं?
एका दुपारीपुरतं काढलं तरी काढलंच.
कायद्याला कागद लागतो. कारण लागतं, किती दिवस ते लागतं,
दाद कुठे मागायची तेही त्यात लिहावं लागतं.
तू हो म्हणालीस म्हणून ते खरं होत नाही."

सोमवारी अकरा वीसला गेले.
हातमोजे तसेच खिशात, वास येत असणार.
मिस्टर ऑल्डरशॉ हसून म्हणाले, आपलं आपसात ठरलंय ना.
म्हटलं, माझं काही ठरलेलं नाही.
काढताय, तर लिहून द्या.
काढत नसाल, तर तो वर्गात जाईल आणि मी कामावर.

मोठ्याने बोलायचं नाही, असं ठरवून गेले होते.
आवाज तरी कापला.

काउंटरवरच्या बाईचं पेन थांबलं.
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं,
तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, एक सायकलचा कठडा.
मग म्हणाले, बरं, आजच्यापुरता राहू दे.

राहू दे. जणू त्यांच्याच घरचा पाहुणा.

तो राहिला. दुपारभर व्हरांड्यात, असं नंतर कळलं,
मांडीवर बोटींचं पुस्तक, बाजूला कोणी नाही.
हे जिंकणं नव्हे, मला समजतं.
पण सव्वातीनला फाटक उघडलं
आणि सगळे एकाच रंगाचे स्वेटर एकदम बाहेर सांडले,
तेव्हा पहिल्यांदाच
मला माझा मुलगा पटकन सापडला नाही.

गुरुवारी फोन आला.
तोच मऊ आवाज, दिवस बरा नाहीये, घेऊन जाता का.
मॉरीनने पट्टा थांबवला नाही, पण माझ्याकडे पाहत राहिली.
म्हटलं, येते. पत्र तयार ठेवा.
पलीकडे शांतता.
म्हटलं, आडनाव नीट लिहा,
थर्केल.
शेवटी दोन एल.