नमुना क्रमांक एकोणीस

पाच वाजले, शाहूपुरीतली प्रयोगशाळा रिकामी झाली
की मी माझं दुसरं काम काढते.
काचपट्टीवर एक थेंब. पंख्याखाली नाही ठेवायचा,
घाईनं वाळला की नुसता चुरा होतो.

बिंदू चौकात घेतलेल्या गॉगलच्या दोन काचा,
एक थेंबाखाली, एक वर,
फिरवत जायची अंधार होईस्तोवर.
त्या अंधारात उजळेल तेवढंच
मोबाईलनं टिपायचं.

मीठ काळंच राहतं बापडं. तुरटीही.
लिंबूसत्त्वाची मात्र जत्रा:
जांभळे पंखे, मोरपिशी भेगा,
कुठं कुठं कुणीतरी घाईत ओढलेला केशरी फराटा.
चांगला गूळ काहीच दाखवत नाही,
चिकट बसून राहतो, आतल्या गाठीचा.

काल एकोणीस नंबरात
पात्यांचं रान पेटलं होतं, पिवळंधमक.
इतकं देखणं आजवर दिसलं नव्हतं.
हायड्रॉस. मर्यादेच्या तिप्पट.
चिठ्ठीवर: वडणगे, चेचर गुऱ्हाळ.
म्हणजे दत्ताजीमामा.

अहवाल लिहिला, नापास.
फोटो मोठा करून आणला, बारा बाय अठरा.

रविवारी मामा आले,
टोपी हातात धरून भिंतीपुढं उभे राहिले.
"लै भारी! कशाचा गं ह्यो?"
आधण उकळत होतं.
मी विचारलं,
गूळ घालू, का साखर?