एकोणचाळीस

चिलोए बेटावर जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा.
एदुविना नाव्हेल्किन पहाटे वाफ्यात गेली
तर बटाट्याचा पाला रात्रीत गोठून काळा,
उकळत्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखा.

बॉम्ब कुठे पडले, तिला नकाशावर दाखवता येत नाही.
रेडिओ होता तोवर शहरांची नावं यायची,
मग नुसती खरखर.
मग सूर्य उगवू लागला तो पितळी बटणाएवढा,
लेकरंसुद्धा त्याच्याकडे टक लावून बघू लागली.

धक्क्यावरच्या ओस्वाल्दोने दुकानाला आतून कडी घातली.
नोटा नकोत म्हणाला, मीठ असेल तर बोल.
मधमाश्या पेटीबाहेर आल्याच नाहीत.

खाटेखाली बियाण्याचे जांभळे बटाटे: एकेचाळीस.
ती रोज मोजते.
काल भरले एकोणचाळीस.
नातू भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेत होता,
हनुवटीला माती.

तिने त्याला हलवलं नाही.
आणखी तीन काढले,
सुरीने त्यांचे डोळे तेवढे जाडसर कोरले,
बाकीचं उकडायला टाकलं.

डोळे तिने राखेत घोळवून ठेवले.
चुलीतल्या, घरच्या राखेत.
वर आहे ती
कुणाच्या घरांची, कोण जाणे.