तीस नऊ

औशाहून फोन : नळाची यादी चारच्या आत द्या.
मी व्हॉट्सॅपवरून घरांचे नंबर उचलले,
एका रांगेत चिकटवले
आणि डोळ्यांदेखत गावाचं पंचांग झालं.

तीन आठ, म्हणजे तिसरी ओळ, आठवं घर,
जिथं मन्मथ कोरे दिवसभर ब्लाऊज शिवतो,
तो झाला तीन ऑगस्ट.
पाच अकरा, अंगणवाडीतल्या शिवलीलाताई, पाच नोव्हेंबर.
सरूबाईला तेवढं काही झालं नाही.
तिचं घर चार तेरा,
तेरावा महिना नसतो म्हणून वाचली.

म्हटलं, बाबा रे, तारीख नाही ही, मजकूर कर, मजकूर.
तर त्यानं मन्मथला
पंचेचाळीस हजार पाचशे नऊ करून ठेवलं.
आमचं गाव साडेचारशे उंबऱ्यांचं.

मग उमगलं. हे सगळं आधी सांगायचं असतं.
पुसायचं, रिकामी रांग धरायची,
तिच्या कानात सांगायचं : जे येईल ते आहे तसं घे.
आणि मग चिकटवायचं.
एकदा बदलून गेल्यावर
सांगून उपयोग नाही.

जुन्या गावात नंबरच नव्हते.
बारवेमागचं घर, वेशीजवळचं, चिंचेखालचं, बस.
आकडे आले ते पत्र्याच्या शेडमध्ये,
डब्यात हात घालून उचललेल्या चिठ्ठ्यांवर.

पुसण्याआधी सहज खाली गेले.
ओळ तीस, घर नऊ. इमामबी शेख.
तीस सप्टेंबर.
वरच्या पट्टीत त्यानं वर्षसुद्धा लावलेलं, न विचारता,
यंदाचं.

वर्ष चुकलं होतं.

मी तेव्हा जन्मलेही नव्हते.
तरी बोट बटनावर तसंच राहिलं.

इमामबी दारातच बसलेली,
आधारची झेरॉक्स पिशवीत घडी घालून.
विचारलं, घर नंबर काय तुमचा?
"तीस नऊ," म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तसं.
मी गप्प बघून तीच बोलली :
"चिठ्ठीत आला. सायेब म्हणले, बदलून देतो.
म्या म्हणलं, ऱ्हाऊ द्या.
कुनाला तरी येनारच की त्यो."

पुसलं. रांगेला सांगितलं. चिकटवलं.
सगळी घरं आपापल्या ओळीत येऊन बसली.
तिच्या आकड्याआधी मी तरीही
एक स्वल्पविराम वर टांगून ठेवला.
तो पडद्यावर दिसत नाही, छापल्यावर तर नाहीच.

चारला पाच कमी असताना यादी गेली.
मग तिच्या नातवाला मेसेज टाकला :
आजीचं नाव आलं, घर 30/9.
फोननं आकड्याखाली निळी रेघ ओढली
आणि विचारलं,
या दिवसाची आठवण लावून ठेवू का?