ठराव क्रमांक चार

आधी तिथं मैदान नव्हतंच.
भंगारवाल्या इस्माईलचे तीन टेम्पो, एक बिनदाराचा फ्रीज,
आणि कोळसाबंदराकडून वाऱ्यावर आलेली काळी भुकटी,
जी शिवडीत कुठंही सापडते, अगदी पोह्यांतसुद्धा.

टेम्पो हलवायला सात महिने लागले.
माती चाळायला अकरा दिवस.
चाळण्या घराघरांतल्या, गव्हाच्या, रव्याच्या,
पुष्पलताची तर आहेरातली, नाव कोरलेली.
वर काय काय राहिलं म्हणता:
बुचं, काचा, मोडका कंगवा, इंजेक्शनची सुई
आणि एक बारकं पैंजण,
ज्याच्यावर तिघींनी हक्क सांगितला.

मी गुणलेखक.
गुडघा गेलेली माणसं शेवटी जे होतात, ते.
पंपहाऊसच्या भिंतीवर खडूनं आकडे
आणि मंडळाच्या वहीत ठराव.
एक: मातीवर पाणी कुणी मारायचं.
दोन: मंगळवार-शुक्रवार मुलींचे. त्या दिवशी क्रिकेट नाही म्हणजे नाही.
तीन: रद्द.

मग सेल्वी आली.
दारूखान्यात जहाजांचा गंज खरवडणाऱ्या पेरुमाळची थोरली.
जन्मापासून ऐकू नाही, म्हणून बोलणंही नाही.
पण पाय असे,
की घोट्याला हात घालावा तर ती तिथं नसायचीच.

अडचण दमाची होती.
चढाई करणाऱ्यानं कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं,
पंचाला ऐकू येईल असं.
दम तुटला की बाद.
हिचा दम कुणी ऐकायचा?

सभा रात्री साडेनऊला, कारण नऊपर्यंत नळाला पाणी.
कुणी म्हणालं, पकडीलाच ठेवू तिला, कोपऱ्यात.
कुणी म्हणालं, तोंडात शिट्टी देऊ.
इस्माईलची आई म्हणाली,
पोरीला विचारलंय का कुणी?

नव्हतं विचारलं.

सेल्वी उठली.
उजवा तळहात छातीवर मारत राहिली,
थप थप थप थप,
हात चालू तोवर दम चालू,
हात थांबला की मी बाद.
दुभाष्या म्हणून आणलेला तिचा भाऊ
नुसताच बसून राहिला, त्याला कामच उरलं नाही.

"आणि हात मारता मारता श्वास घेतला तर? कोण बघणार?"
शिरोडकरांच्या संदेशनं विचारलं.
प्रश्न बरोबर होता.
धाकूमामा घाग, चाळीस वर्षं पंच,
अजून हुतुतूच म्हणतात,
तंबाखू मळता मळता म्हणाले,
"तुझा तरी मला ऐकू येतो होय रे?
गलक्यात नुसते ओठ हलताना दिसतात.
बाकी सगळं आजवर तुझ्यावरच सोडलंय."

ठराव चार मी लिहिला. एक खाडाखोड.
बाजूनं सव्वीस, विरुद्ध नऊ.

फेब्रुवारीत वडाळ्याच्या मुली आल्या.
शेवटची चढाई, एकवीस-बावीस, आम्ही मागे.
सेल्वीनं दोघींना शिवलं, वळली,
मध्यरेषा दोन पावलांवर,
तिला धरायला जवळ कुणीही नाही,
थप थप थप

आणि हात थांबला.

कुणाला कळलं नसतं.
मला नाही, मामांना नाही,
भिंतीवर बसलेल्या शंभर-दीडशे माणसांना नाही.
ती रेषेच्या अलीकडे उभी राहिली, धापा टाकत,
आणि स्वतःच बोट वर केलं.
मी एकवीस-तेवीस लिहिलं.
खडू दोनदा तुटला.

दुसऱ्या दिवशी संदेश वही मागायला आला.
विरुद्ध नऊ आहेत ना, त्यांचे आठ कर म्हणाला.
मी म्हटलं, वही अशी बदलत नाही.
तो जरा वेळ उभा राहिला.
मग पान मागं उलटून
ठराव एकखाली त्यानं आपलं नाव लिहिलं.

आता संध्याकाळी दोन बादल्या घेऊन येतो.
माती शिंपतो, कडेकडेनं, घाईघाईनं,
आणि मध्यरेषेपासून दोन पावलांवर
मग हातात तसाच धरून
उगाच थांबतो.