खापर

प्रिचर्ड मास्तरांनी पाटीवर दोन शब्द लिहिले,
पाटी आमच्याच खाणीतली.
बॅनिश. ऑस्ट्रसाइझ.
म्हणाले, फरक सांगा.
रात्रशाळेत आम्ही सात जण, केसांत दगडाची भुकटी,
वेल्श सोडून दुसरी भाषा तोंडात न मावणारे.
कुणी बोललं नाही.

मला येत होतं.

कॅराडोगला मालकाने हाकललं, संप पुकारला म्हणून.
तो व्हरमाँटला निघाला तेव्हा स्टेशनवर अख्खं गाव,
चॅपलचा कॉयर पावसात उभा राहून गायला,
आईने मनुकांचा पाव बांधून दिला.
वर्षातून दोनदा पत्र यायचं, ते पोस्टातच
मोठ्याने वाचलं जायचं.

इथेल कुठेच गेला नाही.
संपाच्या अकराव्या महिन्यात
त्याची नॉन खोकून खोकून निळी पडली,
आणि एका पहाटे तो डबा घेऊन खाणीत चढला.
बस, एवढंच.
संध्याकाळपर्यंत खिडक्याखिडक्यांत कागद:
या घरात गद्दार नाही.
आमच्याही खिडकीत.
मीच चिकटवला, कणकेची खळ करून.

दुकानदार त्याच्या हातातून पैसे घेत नसे,
तो गेल्यावर फळीवरून उचलायचा.
चॅपलमध्ये त्याच्या पुढचं बाक रिकामं, मागचंही.
नॉन गेली तेव्हा पेटी लहानशीच होती,
एकट्याला उचलता आली.
बरं झालं, असं कुणीतरी म्हणालं.
आवाज ओळखीचा होता.

तीन वर्षांनी संप मोडला.
खापर कुणाच्या तरी माथी फोडायचं होतं,
इथेलचं डोकं जवळ होतं.

मास्तर सांगत होते,
ग्रीक लोक फुटक्या खापरीवर नाव कोरत,
ज्याची नावं जास्त, त्याने दहा वर्षं गाव सोडायचं.
घर, शेत त्याचंच राहायचं.
अकराव्या वर्षी परत.

मी बोटांवर मोजलं.
आमच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत चाळीस पावलं,
बावीस वर्षं.
दहा कुणी ठरवलीच नव्हती.

शाळा सुटल्यावर त्याच्या फाटकाशी थांबले.
आत दिवा होता, खुर्ची सरकल्याचा आवाज.
हाक मारावी म्हणून तोंड उघडलं,
सख्ख्या भावाचं दोन अक्षरी नाव,
आणि जीभ अडखळली,
मास्तरांच्या त्या दुसऱ्या शब्दावर
अडखळली होती तशी.